रीफ टाकीसाठी शंख, खेकडे, कोळंब्या: 'रीफ सेफ' म्हणजे नक्की काय?

खारटपाणी:
नमस्कार मंडळी. ठाण्यात घरी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, पावसाळ्याआधी लावलेली. क्लाउनफिशची जोडी, एक गोबी आणि सगळे मऊ कोरल: झोआ, मशरूम, एक लेदर. मासे ठणठणीत आहेत. पण काचेवर तपकिरी थर येतो, दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ वाढलंय आणि दोन ठिकाणी एप्टेशियाही (नको असताना पसरणारं छोटं समुद्रफूल) दिसतोय.

दुकानदार म्हणतो, "सफाई टीम घेऊन जा." टीम अशी: १५ हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात घर करणारे), १० टर्बो शंख, लाल गाठींचा एक मोठा तारामासा, काळ्या लांब काट्यांचा एक अर्चिन, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक बॉक्सर कोळंबी. सगळं 'रीफ सेफ', म्हणजे कोरलच्या टाकीत चालणारं, आहे म्हणे. मला एवढंच विचारायचंय की यातलं काय घ्यावं आणि काय दुकानातच राहू द्यावं?

कुर्लेकर:
बाबानू, कोळंबीचो फोटो बगलंय की माका सुंगटाची कढीच आठवता. सफाई टीम म्हणे!

नाना_टाकीवाले:
कुर्लेकर, तुम्ही जेवून घ्या आधी.

खारटपाणी, तारामाशाला सरळ नाही म्हणा. राखाडी-पांढरट अंगावर लाल गाठी असलेला जो दुकानात दिसतो तो बहुतेक प्रोटोरिॲस्टर. हिंद महासागरातलाच आहे, दिसतो झकास, म्हणून दुकानदार आणतात. पण तो स्पंज, शंख-शिंपले आणि कोरल, जे सावकाश आहे किंवा जागेवर बसलेलं आहे ते खातो. लेदरवर रात्री चढून बसला तर सकाळी तुम्हाला भोक दिसेल. चॉकलेट चिप म्हणून मिळतो तो याचाच भाऊ.

बॉक्सर कोळंबी कोरलला काही करत नाही, त्यामुळे दुकानदार तांत्रिकदृष्ट्या खोटं बोलत नाहीये. पण ती इतर कोळंब्यांना जगू देत नाही आणि लहान माशांवरही हात टाकते. एप्टेशिया खायला पुढे पेपरमिंट कोळंबी आणायची असेल तर बॉक्सर नकोच.

अर्चिन शेवाळाचा फडशा पाडतो, वाद नाही. लांब काट्यांचा डायडेमा मोठा होतो आणि २०० लिटरमध्ये हात घालताना तुम्हालाच टोचणार. काटा कातडीत तुटतो. शिवाय अर्चिन गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळही खरवडून खातात. काहींना ते आवडत नाही, मला चालतं.

टर्बो आणि हर्मिटबद्दल रात्री लिहितो, दुकान बंद करायचंय. (माझं दुकान हार्डवेअरचं आहे, माशांचं नाही. मागच्या वेळी दोघांनी खाजगी निरोप पाठवून भाव विचारले होते.)

सईची_आई:
मी न्यू जर्सीत आहे, इथे हर्मिट डझनावारी विकतात. माझं मत हर्मिटविरोधी आहे हे आधीच सांगते. ते शेवाळ खातात, उरलेलं अन्न खातात, सगळं खरं. पण वाढायला लागले की मोठा शंख लागतो, आणि तुमचा टर्बो जिवंतपणी त्यात राहत असतो. मग हर्मिट भाडेकरूला बाहेर काढतो. त्याच्यासाठी जेवण आणि घर एकाच फेरीत होऊन जातं.

अर्धवट_अभियंता:
@सईची_आई, हे थोडं एकतर्फी झालं. टाकीत वेगवेगळ्या मापाचे रिकामे शंख टाकून ठेवले तर हे प्रकरण पुष्कळ कमी होतं. लाल पायांचा स्कार्लेट हर्मिट तर अगदी शांत. निळ्या पायांचे जरा भांडखोर, पण तेही लहानच राहतात. भीती वाटायला हवी ती 'मिक्स हर्मिट' म्हणून मिळणाऱ्यांची, कारण त्यातला कोणता मुठीएवढा होईल ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

सईची_आई:
रिकामे शंख भरपूर होते हो. त्याला शेजाऱ्याचाच आवडला. माणसांतही असे असतात.

दर्यातळ:
रत्नागिरीत मत्स्यविज्ञान शिकतेय, म्हणून दोन शब्द. 'रीफ सेफ' हा जीवशास्त्रातला शब्द नाही, दुकानातला आहे. खऱ्या प्रवाळबेटावर हे सगळेच प्राणी राहतात आणि एकमेकांना खाऊन राहतात. तिथे जागा अफाट आणि खाणं शंभर प्रकारचं. तुमच्या टाकीत खाण्याचे प्रकार चार आणि पळायला जागा नाही. म्हणून प्राणी घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: हा मुख्यतः काय खातो, पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, आणि त्याचं आवडतं खाणं संपलं की पुढे कशाला तोंड लावतो. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक दुकानदार गप्प होतात.

उदाहरणार्थ निळा लिंकिया तारामासा. कोरलला हात लावत नाही, म्हणून 'सेफ'. पण दगडावरच्या सूक्ष्म थरावर जगतो आणि नव्या, छोट्या टाकीत तो थर पुरत नाही. महिनोन्महिने हळूहळू उपाशी मरतो आणि लोक म्हणतात, "अचानक गेला". टाकीला धोका नाही, पण टाकीचा त्याला धोका आहे. हार्लेक्विन कोळंबीचंही तसंच. ती तारामासेच खाते, दुसरं काही नाही. म्हणजे तिला पाळायचं तर तारामासे विकत आणून खायला घालायचे.

आणि उलटंही असतं. पोसिलोपोरा कोरलच्या फांद्यांत राहणारे ट्रॅपेझिया खेकडे कोरल कुरतडणाऱ्या काटेरी तारामाशाला चिमटे काढून हाकलतात. खेकडा म्हटला की वाईटच, असं नाही.

निवांत७०:
दर्यातळ, छान लिहिलंय. एक शंका. आमचा पुतण्या मालवणला असतो. तो म्हणतो, "कशाला शंख विकत घेता, ओहोटीला खडकावर ढिगाने असतात, बाटलीभर आणून देतो." आणावेत का?

दर्यातळ:
नका आणू. खडकावरून उचललेल्या शंखांत शेवाळ खाणारे कोणते आणि दुसऱ्या शंखाला भोक पाडून खाणारे कोणते, हे सवय नसलेल्याला कळत नाही. म्युरेक्स कुळातले कितीतरी शिकारी असतात. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या शंखांना रोज काही तास उघड्यावर राहायची सवय असते, ते तुमच्या टाकीतूनही चढून बाहेर येतात आणि सोफ्याखाली सापडतात.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख दिसला तर हातात घेऊच नका. कोन स्नेलला विषारी भाला असतो, सोंडेसारखा बाहेर काढून मारतो. जिओग्राफर जातीच्या दंशाने माणसं मेल्याची नोंद आहे. पुतण्याला एवढं तरी सांगाच.

शिवाय मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

कायदेपंडित_नाही:
विषय निघालाच आहे तर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण समुद्रातले बरेच प्राणी त्यात २००१ साली आले: सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, समुद्रपंखे, समुद्री घोडे, सगळ्या समुद्रकाकड्या. काही शंख आणि महाकाय शिंपलेही आले. २०२२ च्या दुरुस्तीत परिशिष्टांची फेरमांडणी झाली, त्यामुळे जुन्या याद्या डोक्यात ठेवून चालू नका. दुकानात 'वाळू साफ करणारी काकडी' म्हणून कोणी भारतीय समुद्रातली समुद्रकाकडी विकत असेल तर ती 'रीफ सेफ' असेलही, तुमच्यासाठी सेफ नाही.

टोपणनाव_सुचेना:
आला का कायदा! प्रत्येक छंदाच्या धाग्यावर कोणीतरी पोलीस आणतंच. अहो, सगळीकडे विकतात.

कायदेपंडित_नाही:
सगळीकडे हेल्मेटशिवायही फिरतात. मी फक्त माहिती दिली. खारटपाणींचे झोआ, मशरूम आणि लेदर दगडी प्रवाळांत मोडत नाहीत, म्हणून त्यांना त्रास द्यायचा हेतू नाही. दगडही आता सिरॅमिकचे किंवा कृत्रिम मिळतात, समुद्रातून तोडलेल्या 'लाइव्ह रॉक'ची गरज उरलेली नाही.

दर्यातळ:
याला एक चांगली बाजू जोडते. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने शोभेच्या कोळंब्यांचं प्रजनन करून ते तिथल्या बायकांना शिकवलंय. थोर आणि ॲन्सिलोकॅरिस या प्रजातींतल्या जाती आहेत. अशा पैदाशीच्या कोळंब्या मिळाल्या तर त्याच घ्याव्यात. समुद्रातून उचलल्या जात नाहीत आणि टाकीतलं खाणं त्यांना आधीच माहीत असतं.

नाना_टाकीवाले:
आता राहिलेलं. 'टर्बो' नावाखाली काय काय खपवतात त्याला मर्यादा नाही. खरा मोठा टर्बो शेवाळ खाण्यात एक नंबर, पण अंगाने रणगाडा. चिकटवलेले झोआचे तुकडे ढकलून वाळूत पाडतो आणि मागे वळून बघत नाही. त्यातही मेक्सिकन टर्बो जरा थंड पाण्यातला. आपल्याकडे मे महिन्यात चिलर बंद पडला की पहिला तोच जातो.

त्याऐवजी ट्रोकस बघा. पिरॅमिडसारखा, तळाशी रुंद. त्याची मोठी खुबी म्हणजे उलटा पडला तर स्वतः सरळ होतो. ॲस्ट्रिया शंख बहुतेक वेळा होऊ शकत नाही. तो वाळूत पाठीवर पडून राहतो आणि हर्मिट वास घेत येतात. ट्रोकस टाकीत पिल्लंही घालतात.

वाळूसाठी नॅसॅरियस शंख. दिवसभर वाळूत पुरलेले, फक्त सोंड वर. अन्न टाकलं की सगळे एकदम बाहेर, भुताच्या सिनेमासारखे. पण लक्षात घ्या, ते शेवाळ खात नाहीत, उरलेलं मांस-अन्न खातात. केसाळ शेवाळासाठी नॅसॅरियस आणून "काही फरक पडला नाही" म्हणणारे मी पाहिलेत.

आणि संख्या. १५ हर्मिट आणि १० टर्बो या टाकीला फार होतात. 'गॅलनला एक' हा हिशोब विकणाऱ्यांच्या सोयीचा. शेवाळ पहिल्या दोन आठवड्यांत संपतं, मग अर्धे उपाशी मरतात, मेलेले सडतात, नायट्रेट वाढतं आणि शेवाळ परत. पाच-सहा शंखांनी सुरुवात करा, कमी पडले तर वाढवता येतात.

अर्धवट_अभियंता:
नाना, सहमत. पण आधी ते शेवाळ आहे का ते बघा. तपकिरी थर बोटाने पुसला की पावडरसारखा निघत असेल तर डायाटम, एक प्रकारचे सूक्ष्म जीव. नव्या टाकीत येतात, सिलिकेट संपलं की आपोआप जातात. पण थर शेंबडासारखा लोंबत असेल, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले असतील, रात्री कमी आणि दिवे लागले की परत वाढत असेल, तर डायनोफ्लॅजेलेट, हे वेगळे सूक्ष्म जीव. त्यातल्या काही जाती विषारी असतात आणि ते खाऊन शंखच मरतात. तशा टाकीत सफाई टीम सोडणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः.

खारटपाणी:
बापरे. आत्ता पुसून बघितलं. पावडरसारखा निघतोय, बुडबुडे नाहीत. जीव भांड्यात पडला. हिरवं मात्र दगडाला घट्ट आहे, उपटावं लागतं. एप्टेशियाचं काय करू? एक चिमट्याने उपटायला गेलो, तर मित्र म्हणाला थांब.

सईची_आई:
मित्र शहाणा आहे. चुरडला की तळाशी राहिलेल्या कणाकणापासून नवा उगवतो. पेपरमिंट कोळंबी आणा, पण नीट बघून. तिच्यासारखीच दिसणारी कॅमल कोळंबी त्याच नावाने विकली जाते, आणि ती झोआ आणि मऊ कोरल खाते. तुमच्याकडे नेमकं तेच आहे! पेपरमिंटचं अंग काचेसारखं, त्यावर बारीक लांबट लाल रेघा. कॅमलच्या पाठीला ठसठशीत कुबड, अंग लाल आणि त्यावर पांढरे पट्टे-ठिपके, डोळे बटबटीत. एकदा दोन्ही शेजारी पाहिल्या की परत चूक होत नाही.

पेपरमिंटही नगाला नग हमखास एप्टेशिया खातातच असं नाही. तीन-चार आणा, मासे जरा कमी भरवा, वाट बघा. रात्री काम करतात.

निवांत७०:
म्हणजे कोळंबीलाही उपाशी ठेवल्याशिवाय ती काम करत नाही.

कुर्लेकर:
आमच्या हापिसात उपाशी ठेवल्यार पण करनत नाय.

मध्यरात्रीचा_चहा:
कोळंबीचा विषय चाललाय म्हणून. आमच्या टाकीत रात्री टक्-टक् आवाज यायचा. सासूबाईंचं ठाम मत, वायरिंगमध्ये स्पार्क होतोय. इलेक्ट्रिशियन येऊन दोन बोर्ड उघडून गेला, पैसेही घेऊन गेला. निघाली पिस्तूल कोळंबी, दगडातून आलेली. आता ठेवू का काढू?

दर्यातळ:
पिस्तूलच आहे याची खात्री करा. तसाच आवाज मँटिस कोळंबीही करते आणि ती रीफमधली खरी गुंड, शंख-खेकडे फोडून खाते. पिस्तूलचा एक पंजा दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. मँटिसचे हात छातीखाली दुमडलेले आणि डोळे देठांवर गरगर फिरणारे.

पिस्तूल असेल तर खुशाल ठेवा. पंजा मिटताना पाण्याची जी पिचकारी उडते त्यात एक बुडबुडा तयार होतो आणि तो फुटण्याचा हा आवाज. पंजावर पंजा आपटल्याचा नाही, हे २००० साली सिद्ध झालं. आणि गोबी असेल तर जोडी जमू शकते. कोळंबीला नीट दिसत नाही, ती बीळ खणते. गोबी दारात पहारा देतो. कोळंबीची एक मिशी सतत माशाच्या अंगावर असते, त्याने शेपटी हलवली की दोघं आत.

मध्यरात्रीचा_चहा:
पंजा मोठा आहे! सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तरी बोर्ड तपासून घेतला ते बरंच झालं."

टोपणनाव_सुचेना:
कायद्यावर मी जरा जास्तच बोललो, असो. कामाचं सांगतो. माशांना पांढरे ठिपके आले म्हणून कोणी तांब्याचं औषध सुचवलं तर या टाकीत अजिबात टाकू नका. मासे तगतात, पण शंख, कोळंबी, खेकडे, कोरल सगळे जातात. तांबं दगडात आणि वाळूत मुरतं आणि पुढेही सुटत राहतं. औषध द्यायचं तर वेगळ्या बादलीत. एखादी जुनी वापरलेली टाकी दगडांसकट स्वस्तात मिळत असेल तर आधी विचारा, तांबं वापरलंय का.

आणि शंख-कोळंब्या पिशवीतून काढून थेट सोडू नका. माशांपेक्षा यांना खारटपणातला फरक फार लागतो. बारीक नळीला गाठ मारून थेंब-थेंब पाणी मिसळत तासभर तरी घालवा. तारामाशांना त्याहून जास्त वेळ.

अर्धवट_अभियंता:
+१. आणि कोळंबी आणल्यावर काही दिवसांनी ती तळाशी मेलेली दिसेल. पारदर्शक, हलकी, अगदी पायांसकट. रडू नका, ती कात आहे. खरी कोळंबी दगडामागे नवं कवच कडक व्हायची वाट बघत लपलेली असते. कात लगेच काढू नका, बरेचदा तीच खाते.

स्वच्छ_काच:
उशिरा आलो. एमराल्ड खेकड्याचं कोणी बोललं नाही. बुडबुड्यासारखं हिरवं शेवाळ आलं तर तो उपयोगी. त्याच्या पंज्यांची टोकं चमच्यासारखी असतात, शेवाळ खरवडायला. खेकडा ओळखायची ही सोपी खूण आहे: टोकं चमच्यासारखी तर बहुधा शाकाहारी, टोकदार आणि काळी तर संशय घ्या. सॅली लाइटफूट मात्र लहानपणी गरीब, मोठा झाला की झोपलेले मासे पकडतो.

नाना_टाकीवाले:
एमराल्डही मोठा आणि उपाशी झाला की कोरल चाखून बघतो. खेकड्यावर शंभर टक्के विश्वास ठेवू नये. आणि हिरव्या ब्रिटल स्टारचंही (तारामाशासारखाच, पण बारीक लांब हातांचा) असंच. हात कमानीसारखे उभे करून खाली सावली करतो, मासा आसऱ्याला आला की पिळवटून धरतो. दगडातून येणारे छोटे, नखाएवढे ब्रिटल स्टार मात्र सोन्यासारखे, त्यांना राहू द्या.

खारटपाणी:
मंडळी, आज दुकानात जाऊन आलो. सहा ट्रोकस, चार नॅसॅरियस घेतले. पेपरमिंट म्हणून दाखवलेल्या पाचपैकी दोन कुबडवाल्या होत्या, त्या बाजूला काढायला लावल्या. दुकानदार जरा नाराज झाला, मग स्वतःच वाकून बघायला लागला. हर्मिट एकही नाही. अर्चिन नंतर, आणि आणला तर टक्सेडोसारखा आखूड काट्यांचा. आता दिव्याचे तास कमी करतो आणि अन्नही कमी टाकतो.

सईची_आई:
शाब्बास. झोआचे तुकडे मात्र आधी नीट चिकटवून घ्या. टक्सेडो अर्चिन जे सापडेल ते डोक्यावर घेऊन मिरवतो, शंख, खडे, आणि तुमचा सगळ्यात महागडा झोआ.

स्वच्छ_काच:
पंपाच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी लावलीत ना? शंख आत ओढला गेला तर तोही जातो आणि पंपही.

खारटपाणी:
आत्ता लावतो.

निवांत७०:
धागा संपायच्या आत माझाही एक प्रश्न. आमच्या दगडात एक केसाळ, लाल डोळ्यांचा खेकडा आलाय. पंज्यांची टोकं काळी. वरच्या खुणेप्रमाणे संशयित आहे. पण पकडायचा कसा? हात घातला की बिळात.

नाना_टाकीवाले:
काचेचा गुळगुळीत ग्लास घ्या, आत कोळंबीचा तुकडा टाका आणि बिळाजवळ दगडाला तिरका टेकवून रात्रभर ठेवा. उतरतो, पण काचेवरून वर चढता येत नाही. सकाळी ग्लास उचला. आणि फोटो टाका, बघून सांगतो.

कुर्लेकर:
कोळंबीचो तुकडो मी देतंय. खेकडो माका.